गाजराने न जाणारे रातांधळेपण

दिवेलागणीनंतर मूल ठेचकाळू लागले की घरी गाजर, पालक सुरू होतो आणि आम्ही डॉक्टर अ जीवनसत्त्व देतो. बहुतेकदा ते बरोबरच असते. पण काही मुलांच्या शरीरात अ जीवनसत्त्व पुरेसे असूनही त्यांना अंधारात दिसत नाही. त्यामागे एखाद्या जनुकातला दोष असू शकतो. आरपीई-६५ हे असेच एक जनुक.

आपल्या दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींत अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू असतो. त्यावर प्रकाश पडला की तो सरळ होतो आणि मेंदूकडे जाणारा संदेश सुरू होतो. पण उंदराचा सापळा एकदा उडाला की पुन्हा लावावा लागतो, तसेच याचेही आहे. रेणूला पुन्हा वाकडा करण्याचे काम पटलामागच्या रंगद्रव्य-पेशींत चालते आणि तिथला कारागीर म्हणजे आरपीई-६५ हे प्रथिन. ते बिघडले की कच्चा माल साचून राहतो, सापळे मात्र उडालेलेच. मग गाजरे कितीही खा! उलट, मनानेच अ जीवनसत्त्वाचे डोस वाढवले तर यकृताला इजा होते.

अशी मुले बऱ्याचदा दिव्याकडे टक लावून बघतात, त्यांची बुबुळे थरथरतात. सुरुवातीला पटल जवळजवळ निरोगी दिसते, त्यामुळे निदान हुकते. आई-वडील दोघेही एकेक सदोष प्रत बाळगून असतात, पण त्यांना स्वतःला नीट दिसते. प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घरांत हा धोका वाढतो. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, हे मात्र कृपया कोणी सांगू नये.

२००१ मध्ये याच जनुकाची निरोगी प्रत निरुपद्रवी विषाणूमार्फत डोळ्यात सोडून जन्मतः अंध कुत्र्यांना दृष्टी आणता आली. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत माणसांसाठी हे औषध मंजूर झाले. किंमत दोन्ही डोळ्यांची मिळून साडेआठ लाख डॉलर! शिवाय पटलातील पेशी जिवंत असतील तरच त्याचा उपयोग. वय वाढते तशा त्या मरत जातात.

त्यामुळे उपचार करूनही मूल संध्याकाळी चाचपडत असेल, तर नेत्रतज्ज्ञांकडून ईआरजी ही पटलाची विद्युत तपासणी करून घ्यावी आणि गरजेप्रमाणे जनुक चाचणी. येताना धाकट्या भावंडालाही आणावे.