दोघांच्या सहीचा पैसा

रहिमतपुरात मशिदीजवळ एक भलीमोठी विहीर आहे आणि तिच्या दक्षिण अंगाला सुमारे पन्नास फूट उंचीचा पाण्याचा मनोरा. मनोऱ्याकडे एक चढण जाते. हत्तींकडून मोट ओढवून पाणी वर घ्यायचं आणि मग उंचीच्या दाबानं ते खाली हवं तिथं खेळवायचं, अशी ती योजना. सातारच्या जुन्या गॅझेटियरनंही तिची कौतुकानं दखल घेतली आहे. हे सगळं बांधकाम विजापूरचा मातब्बर सरदार रणदुल्लाखान याच्या काळाशी जोडलं जातं, म्हणजे महंमद आदिलशहाच्या अमदानीशी, १६२७ ते १६५६ या वर्षांशी. तेव्हा विजापूर आणि रहिमतपूर एकाच दरबाराखाली होते. पैसा तिथून निघाला आणि पाणी इथं चढलं, तर वाटेत कुणाची हद्द आडवी येत नव्हती.

आज त्या वाटेवर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची सीमा आहे. सीमेपलीकडच्या शेजाऱ्याबरोबर गावांनी, शहरांनी, जिल्ह्यांनी मिळून काम करायचं तर त्याला पैसा कोण देणार? प्रश्न रुक्ष वाटतो, पण मी जसजसा त्यात उतरत गेलो तसतसा थक्क होत गेलो. त्यामागे माणसांनी एकमेकांवर विश्वास ठेवावा म्हणून रचलेली फार हुशार व्यवस्था आहे.

आधी साधा पैसा कसा येतो ते पाहू. रहिमतपूरची नगरपालिका १८५३ ची. सातारचं राज्य १८४८ साली खालसा झालं आणि त्यानंतर पाचच वर्षांनी या छोट्या गावाला स्वतःचा कारभार मिळाला. ज्या १८५० च्या कायद्यानं अशा नगरपालिका उभ्या राहिल्या तो सक्तीचा नव्हता. गावकऱ्यांची तयारी असेल तिथंच तो लागू व्हायचा. पुढे राज्यातल्या नगरपालिकांचा मोठा आधार राहिला तो जकातीचा. गावाच्या वेशीवर नाकं, तिथं गाडी थांबवायची, माल पाहायचा, पावती फाडायची. वेशीवर अडवण्यातूनच गावाचं उत्पन्न येत होतं. १९९९ साली महाराष्ट्रातल्या नगरपालिकांची जकात गेली आणि तिच्या जागी सरकारकडून सहायक अनुदान येऊ लागलं. त्याच्या जोडीला वित्त आयोगाचा निधी असतो. १९९२ च्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीपासून पंचायती आणि नगरपालिका यांचाही विचार करणं वित्त आयोगाला भाग पडलं. कोणत्याही ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा, ‘बंधित’ आणि ‘अबंधित’ हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात ऐकू येतील. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता अशा ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचा, अबंधित म्हणजे स्थानिक गरजेप्रमाणे.

हा सगळा पैसा वरून खाली येतो. दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून साताऱ्याला, साताऱ्याहून रहिमतपूरला. तो प्रत्येक हद्दीच्या आत उतरतो आणि हद्दीच्या आतच संपतो.

नदी मात्र आडवी जाते. रहिमतपूरजवळच्या धामणेरच्या बाजूनं वाहणारी कृष्णा कराडला कोयनेला भेटते, सांगलीजवळ हरिपूरला वारणेला, नरसोबावाडीला पंचगंगेला, आणि शिरोळ तालुक्यातला राजापूरचा बंधारा ओलांडून कर्नाटकात शिरते. पुढं अलमट्टीचं धरण. बच्छावत लवादानं कृष्णेचं खात्रीचं २०६० टीएमसी पाणी वाटलं ते असं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८००. वाटणी झाली आणि ती गरजेचीच होती. पण वाटणीनंतरही नदीकाठची गावं शेजारीच राहतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा इकडचे अधिकारी अलमट्टीतून किती विसर्ग चालू आहे याची घडोघडी विचारपूस करत होते आणि तिकडच्यांचे डोळे कोयना धरणाच्या दरवाज्यांकडे लागले होते.

आता थोडं दूर जाऊ. १९५८ साली, दुसरं महायुद्ध संपून तेरा वर्षं झाली असताना, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या सीमेवरच्या काही नगरपालिका ग्रोनाऊ या गावाच्या आसपास एकत्र आल्या आणि ‘युरेजिओ’ नावाची संघटना उभी राहिली. ज्या सीमेवरून रणगाडे गेले होते तिथल्या नगराध्यक्षांनी रस्ते, रोजगार आणि शाळा यांबद्दल एकत्र बसून बोलायला सुरुवात केली. आज त्या एका संघटनेत शंभराहून अधिक स्थानिक संस्था आहेत. पुढं १९८० साली माद्रिदमध्ये एक करार झाला. त्यानं सीमेपलीकडच्या स्थानिक संस्थांशी सहकार्य करण्याच्या वाटेला युरोपभर कायदेशीर चौकट दिली. आणि १९९० पासून ‘इंटररेग’ नावाचा निधी सुरू झाला. २०२१ ते २०२७ या काळासाठी त्यात सुमारे १० अब्ज युरो आहेत.

आकडा मोठा आहे, पण मला भुरळ पडली ती त्याच्या अटींची. एकट्यानं अर्ज करताच येत नाही. किमान दोन देशांतले भागीदार हवेत. प्रकल्प दोघांनी मिळून आखायचा, मिळून राबवायचा, आणि शिवाय माणसं किंवा पैसा यांतलं काहीतरी दोघांनी एकत्र लावायचं. भागीदारांपैकी एक जण प्रमुख होतो. निधी त्याच्या हाती येतो, तो इतरांना पोचवतो, आणि सगळ्यांच्या वतीनं जबाबदारही तोच राहतो. म्हणजे एका देशातली नगरपालिका दुसऱ्या देशातल्या नगरपालिकेच्या हिशेबाची हमी घेते! निधी साधारण ८० टक्क्यांपर्यंतच मिळतो, उरलेला वाटा स्वतःचा घालावा लागतो. बहुतेक वेळा आधी खर्च करायचा, पावत्या तपासून घ्यायच्या, मग पैसे परत मिळतात. आळस किंवा लबाडी करणाऱ्याला या वाटेनं जाणं अवघड आहे. शेजाऱ्याची सही मिळवल्याशिवाय एक युरोही हलत नाही आणि सही मिळवायची तर आधी शेजाऱ्याची गरज समजून घ्यावी लागते.

यातून काय उभं राहतं याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण पिरेनीज पर्वतातल्या सर्दान्या खोऱ्याचं. १६५९ च्या नोव्हेंबरात फ्रान्स आणि स्पेन यांच्यात तह झाला आणि हे एकसंध खोरं दोन राज्यांत वाटलं गेलं. आपल्याकडे त्याच नोव्हेंबरात प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध झाला होता, एवढा तो काळ आपल्या ओळखीचा आहे. वाटणीत खोऱ्यातली ३३ खेडी फ्रान्सकडे गेली. यीव्हिया मात्र खेडं नसून नगर आहे, असा दावा टिकला आणि ते स्पेनकडेच राहिलं. आजही ते फ्रान्सच्या भूमीनं चहूकडून वेढलेलं स्पॅनिश गाव आहे.

साडेतीनशे वर्षांनी त्या खोऱ्यात अडचण आली ती दवाखान्याची. फ्रान्सच्या बाजूच्या रुग्णाला मोठं रुग्णालय गाठायचं तर डोंगर उतरून पर्पिन्यांपर्यंत जावं लागे, सुमारे शंभर किलोमीटर. हिवाळ्यात बर्फ. स्पेनच्या बाजूचं पुइग्सेर्दा हे गाव सीमेला चिकटून. दोन्ही बाजू मिळून खोऱ्यात सुमारे तीस हजार वस्ती. दोन चांगली रुग्णालयं परवडणारी नव्हती, एक परवडत होतं. मग पुइग्सेर्दात दोघांचं मिळून एक रुग्णालय बांधलं गेलं. खर्च सुमारे ३.१ कोटी युरो, त्यातला ६० टक्के युरोपीय निधीचा. २०१४ साली ते सुरू झालं. कारभार पाहायला दोन्ही देशांची मिळून एक स्वतंत्र कायदेशीर संस्था आहे.

इमारत बांधणं त्यातल्या त्यात सोपं होतं. सीमेपलीकडे जन्मलेल्या बाळाची नोंद कुठं करायची? रुग्ण दगावला तर देह सीमेपार नेण्याचे कागद कोणते? रुग्णवाहिकेनं सीमा ओलांडावी कशी, डॉक्टरांची पदवी कुठली चालावी, विम्याचे पैसे कुणाकडून कुणाकडे जावेत? एकेक गाठ सोडवावी लागली. अशा निधीचं खरं काम मला यात दिसतं. या गाठी सुटेपर्यंत दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून ठेवायला तो कारण पुरवतो.

आता मिरजेकडे पाहा. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली तिथं मिशन रुग्णालय उघडलं. तेव्हापासून मिरजेच्या दवाखान्यांत अथणी, रायबाग, चिकोडीकडचे रुग्ण येत आले आहेत. रुग्णालयाच्या आवारात मराठी आणि कन्नड दोन्ही कानांवर पडतात. सर्दान्याला जे घडवून आणावं लागलं ते माणसांच्या पायांनी मिरजेत शतकभर आधीच घडवलं होतं. फक्त त्यामागे दोन्ही बाजूंचा मिळून असा निधी नाही.

आपल्याकडे सीमेपार पैसा जातच नाही असंही नाही. तिळारी धरण घ्या. धरण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, पाण्याचा मोठा लाभ गोव्याला. १९९० साली दोन्ही राज्यांत करार झाला. गोव्यानं खर्चाचा ७३.३० टक्के वाटा उचलायचा आणि महाराष्ट्रानं २६.७० टक्के. ज्याला जेवढं पाणी त्याचा तेवढा पैसा, तोही टक्क्याच्या अपूर्णांकापर्यंत मोजलेला. त्यावर देखरेखीला संयुक्त नियंत्रण मंडळ आहे. हा करार मला सुंदर वाटतो.

कृष्णेवरही देवघेव झाली आहे. कडक उन्हाळ्यात कर्नाटकाच्या विनंतीवरून कोयनेतून पाणी सोडलं गेलं आणि त्याचे पैसे कर्नाटकानं मोजले. पुढं २०१९ च्या सुमारास महाराष्ट्रानं सुचवलं की पैसे नकोत, पाण्याला पाणी द्या. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्याचा पूर्व भाग कोरडा. तिथं आपल्या म्हैसाळ योजनेचं पाणी चढवून न्यायचं तर फार उचलावं लागतं. उलट विजापूरकडच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी उतारानं, ओढ्यांतून तिथं येऊ शकतं. २०२२ च्या अखेरीस ते तिकोंडीच्या तलावात आलं देखील. रणदुल्लाखानाच्या विजापुराकडून आजच्या सांगली जिल्ह्यात पाणी येतं आहे, हे वाचून मी बराच वेळ नकाशा पाहत बसलो.

दुर्दैवानं ते पाणी सीमावादाच्या गदारोळात आलं. त्याच दिवसांत कर्नाटकानं महाराष्ट्रातल्या कन्नड शाळांना विशेष अनुदान जाहीर केलं. नंतर २०२३ मध्ये महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या ८६५ मराठी गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायची ठरवून ५४ कोटी रुपये ठेवले, आणि कर्नाटकानं त्याला हरकत घेतली. शाळेला पैसे मिळणं चांगलं, आजाऱ्याला उपचार मिळणं चांगलं. पण दोन्ही अनुदानांवर एकाचीच सही होती, म्हणून दोन्हींकडे पलीकडून संशयानं पाहिलं गेलं. तोच पैसा दोघांच्या सहीनं आला असता तर मिरजेच्या दवाखान्याला आणि जतच्या शाळेला तो विनातक्रार पोचला असता, असं मला मनापासून वाटतं.

कायद्याची अडचण मोठी असेल अशी माझी समजूत होती. मग राज्यघटनेचं २८२ वं कलम वाचलं. ते सांगतं की केंद्र किंवा राज्य कोणत्याही सार्वजनिक कामासाठी अनुदान देऊ शकतं, त्या विषयावर कायदा करण्याचा अधिकार त्याला नसला तरीही. किती मोकळं दार! अडतं ते पुढच्या पायरीवर. शेजारच्या स्थानिक संस्थांनी मिळून संयुक्त समिती नेमण्याची सोय राज्यांच्या कायद्यांत असते, पण ते कायदे राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. आंतरराज्य नद्यांसाठी मंडळं नेमण्याचा कायदा १९५६ सालीच झाला, पण त्याखाली एकही मंडळ प्रत्यक्षात उभं राहिलं नाही. विभागीय परिषदांमध्ये महाराष्ट्र पश्चिमेत आणि कर्नाटक दक्षिणेत. गोवा आपल्याच परिषदेत बसतो, बेळगाव मात्र दुसरीत. दोन परिषदांची संयुक्त बैठक घेण्याची तरतूद कायद्यात आहे, ती वापरायला हवी.

आणि निधी? वित्त आयोगाच्या अनुदानात एक छोटा हिस्सा असा बांधून ठेवता येईल, जो दोन राज्यांतल्या स्थानिक संस्थांनी एकत्र अर्ज केला तरच मिळेल. बंधित निधीची सवय आपल्याला आहेच. इथं बंधन फक्त शेजाऱ्याच्या सहीचं असेल.

पहिला अर्ज कृष्णेच्या पाणीपातळीचा असावा. धामणेरपासून राजापूरपर्यंत आणि पुढं कर्नाटकात अलमट्टीच्या फुगवट्यापर्यंत नदीकाठच्या गावांत पातळी मोजायची साधनं, आणि सगळ्यांचे आकडे मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर. अर्जदार सांगलीची महापालिका आणि अथणीची नगरपालिका, सोबत काठची सगळी गावं, आणि वरच्या अंगाला असलेली रहिमतपूरची नगरपालिकाही, कारण पाणी वाढल्याचं तिला आधी कळतं. प्रमुख भागीदार पहिली तीन वर्षं सांगली, पुढची तीन अथणी. स्वतःचा वाटा २० टक्के, आणि त्यासाठी दोन्हीकडच्या सर्वसाधारण सभांत एकाच मजकुराचा ठराव.