बैलांचे बळ, छकड्याचे वजन आणि खुरांची पकड

यात्रांचा हंगाम आला की फलटण, माण व खटाव या तालुक्यांतील माळांवर छकड्यांच्या शर्यती भरू लागतात. पुसेगावास सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरणारी शर्यत तर सर्वपरिचितच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने या शर्यती बंद पडल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांस अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरविला. नामांकित खिल्लार खोंडास आज लाखांच्या रकमा मोजल्या जातात. परंतु ज्या अर्ध्या मिनिटाच्या धावेसाठी हा सारा खर्च, त्या धावेत नेमके घडते काय, याचा हिशोब फारच थोडे लोक करतात. तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

अश्वशक्ती हा शब्द पंपाच्या व ट्रॅक्टरच्या पाटीवरून आपणा सर्वांस ठाऊक आहे. ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलले, तर एक अश्वशक्ती खर्ची पडली असे समजावे. जेम्स वॉट याने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या वाफेच्या यंत्राची घोड्यांशी तुलना करून हे माप रूढ केले. आता आपली बैलजोडी पाहू. प्रत्येकी ४०० किलो वजनाचे दोन बैल नांगरास जुंपले असता आपल्या वजनाच्या दशांशाइतकी ओढ, म्हणजे दोघे मिळून ८० किलोची, दीर्घ वेळ देऊ शकतात. चाल तासास सव्वातीन किलोमीटर, म्हणजे सेकंदास ९० सेंटीमीटर धरली, तर हिशोब ७२ येतो. तात्पर्य, नांगराची जोडी ही जवळजवळ एका अश्वशक्तीची.

हीच जोडी शर्यतीत काय करते? छकडा ९० किलोचा व हाकणारा ६० किलोचा धरू. बैलांसह एकूण ९५० किलो झाले. एवढे ओझे जाग्यावरून सुटून पाच सेकंदांत सेकंदास १० मीटर या वेगास पोहोचले, तर त्या पाच सेकंदांत सरासरी १३ अश्वशक्ती लागते. नांगरावर एक आणि माळावर तेरा! अर्थात हे बळ काही क्षणांचेच असते. दिवसभराचे मागितले तर जनावर मरून जाईल.

आता वाचकांस वाटेल की, बळ दुप्पट केले म्हणजे वेळ निम्मी होईल. तसे होत नाही. वेग वाढविण्यास लागणारे काम वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ठरावीक अंतर तोडण्याची वेळ ही वजनास शक्तीने भागून येणाऱ्या आकड्याच्या घनमुळाप्रमाणे बदलते. शक्ती दुप्पट केली तर वेळ केवळ पाचव्या हिश्शाने कमी होते; वेळ निम्मी करावयाची तर शक्ती आठपट हवी. अमेरिकेत पाव मैलाच्या सरळ मार्गावर मोटारींच्या ज्या शर्यती होतात, तेथील यांत्रिक हाच नियम वापरतात. त्यांतील सर्वांत बलाढ्य गाड्या टनभर वजनाच्या व सुमारे ११ हजार अश्वशक्तीच्या असतात, आणि २००८ पासून त्या पाव मैलाऐवजी १००० फूटच धावतात. तेवढे अंतर त्या पावणेचार सेकंदांच्या आत तोडतात. तरीही रस्त्यावर चिकट राळ फवारून आणि चाके आधी फिरवून तापवून घेतल्याखेरीज त्यांस सुटता येत नाही. कारण बळ कितीही असो, ते जमिनीस लागू पडले तरच उपयोगाचे.

हीच गोष्ट आमच्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. नीरा उजव्या कालव्याखालील काळ्या रानात उसाची भरलेली ट्रॉली ओढताना ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर जागच्या जागी चाके फिरवीत रुतलेला कोणी पाहिला नाही? इंजिनात बळ उणे नसते. ओल्या मातीवर पकड उणी असते. अशा वेळी मोठे इंजिन उपयोगी पडत नाही. मागच्या चाकांवर वजन लादणे किंवा टायरांत पाणी भरणे उपयोगी पडते. बैलाचे तसेच आहे. वर सांगितलेल्या जोडीस सुटताना जोमाने वेग घ्यावयाचा, तर खुरांनी जमीन सुमारे तीनशे किलोच्या जोराने मागे रेटावी लागते. घट्ट मुरमाड माळ तो रेटा सोसतो. सैल माती वा ओला माळ सोसत नाही. खूर घसरतात आणि घसरलेला बैल पायही मोडून घेतो. म्हणून सुटतेवेळी चाबूक ओढणे हे क्रौर्य तर आहेच, नियमानेही ते निषिद्ध आहे; शिवाय ते व्यर्थ आहे. जेथे पकड संपली, तेथे भीतीने आलेले अधिक बळ नुसते खूर घसरविते.

वजनाविषयी एक भेद ध्यानी घ्यावा. बैलाचे वजन त्याच्याच खुरांवर पडते व पकड वाढविते. छकड्याचे वजन चाकांवर पडते, ते केवळ ओझे. म्हणून छकड्यातून ३० किलो कमी केले, तर सुटण्याच्या टप्प्यात वेळ एक ते दीड टक्क्याने वाचते. हे क्षुल्लक वाटेल. पण वीस सेकंदांच्या धावेत एक टक्का म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा, आणि त्या वेगात तेवढ्यात दोन मीटर, म्हणजे बैलाची एक लांबी, तोडली जाते. पुष्कळ निकाल याहून कमी अंतराने लागतात. मात्र साटी व आख इतके बारीक करू नयेत की धावेत ते मोडतील.

खुराकाचेही असेच आहे. दूध, अंडी व पेंड यांनी जे मांस चढते ते स्नायूंचे असेल तर लाभ. चरबीचे असेल तर ते धावेत ओझेच होय. फेरफटका व पोहणी यांविना खुराक वाढविणाऱ्या मालकांविषयी आम्हांस नवल वाटते. जोडी जुळविणे त्याहून अवघड. दोघांचे बळ बेरजेने मिळत नाही. जू सरळ राहावयाचे तर चपळ बैलास मंद सोबत्याच्या चालीने जावे लागते.

शेवटी माळाचा उतार. पन्नास फुटांस एक फूट चढ डोळ्यांस दिसतही नाही. पण ९५० किलोस तो सतत १९ किलोने मागे खेचतो, आणि सेकंदास १० मीटर वेगात त्याची किंमत अडीच अश्वशक्ती होते. एक चाकोरी सपाट आणि शेजारची चढाची असेल, तर शर्यत बैलांची न राहता चिठ्ठीची होते. पंचांनी आदल्या दिवशी पाणसळ लावून प्रत्येक चाकोरीचा चढ मोजावा आणि सुटण्याच्या जागी पहिले वीस मीटर पाणी शिंपडून, दाबून, वाळू द्यावेत. दुसऱ्या दिवशी बैल चालविला असता खूर बोटभर रुतला, तर त्या माळावर गाड्या सोडू नयेत.