दात गेले, पण कशामुळे? कागद बघा

दवाखान्याच्या कागदावर निदानाशेजारी के०८.१ असं काही लिहिलेलं असतं. कोणी बघत नाही, मीही बघत नव्हतो. हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० यादीतला कोड. अर्थ : अपघातात, काढल्यामुळे किंवा हिरड्यांच्या आजाराने दात जाणं. घोळ इथेच आहे, तिन्ही कारणं एकाच कोडात! अमेरिकेच्या यादीत तोंडातले सगळे दात गेले तर मार लागून के०८.११, हिरड्यांमुळे के०८.१२, किडून के०८.१३ असे वेगवेगळे कोड आहेत.

आपल्याला काय त्याचं? मत्स्यसंपदा योजनेच्या गट अपघात विम्यात अपघातामुळे भरती व्हावं लागलं तर २५,००० रुपयांपर्यंत खर्च मिळतो. गुटख्याने हिरड्या सडून दात गेले तर तो अपघात नाही, तिथे भांडून उपयोग नाही. पण नावेत दोराचा फटका बसून दात पडले आणि कागदावर नुसतं के०८.१ आलं, तर विमेवाल्याला अपघात दिसणार कसा? ताज्या माराला दात निखळला तर एस०३.२, मोडला तर एस०२.५ असे कोड आहेत. नावेवरच्या अपघाताचा व्ही९३ सोबत जोडता येतो.

कोड पाठ करायची गरज नाही. सांवेरहून इंदूरच्या सरकारी दंत महाविद्यालयात जा की गावातल्या डॉक्टरांकडे, पहिल्याच दिवशी सांगा : "साहेब, कुठे, कसं, कधी लागलं ते तारखेसह लिहा." सहा महिन्यांनी कवळी बसवताना हे कोणी लिहून देत नाही. एक झेरॉक्स संस्थेत आणून द्या.