सान फर्नांडो : साखर, तेल आणि ताबूत

स्थान व स्थापना : त्रिनिदाद बेटाच्या नैर्ऋत्य भागात, पारियाच्या आखाताकाठी, स्पेनच्या अमलात, १७८४ च्या सुमारास वसलेल्या या गावास शहराचा दर्जा १९८८ मध्ये मिळाला.

उद्योग : दास्यमुक्तीनंतर मळ्यांना मजूर अपुरे पडू लागले, तेव्हा १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० गिरमिटिये हिंदुस्थानातून त्रिनिदादास आणले गेले, आणि त्यांतील अनेकांच्या श्रमांवर या शहराभोवतालची ऊसशेती उभी राहिली. पुढे साखरेची जागा तेलाने घेतली. ज्या पॉइंट-आ-पिएरच्या तेलशुद्धीकरण कारखान्याने पिढ्यान्‌पिढ्या रोजगार पुरवला, तो १९५६ मध्ये टेक्साकोकडे, १९८५ मध्ये सरकारकडे गेला व २०१८ मध्ये बंद पडला.

संस्कृती : बांबूच्या सांगाड्यावर रंगीत कागद चढवून सजवलेले मोहरमचे ताबूत ताशांच्या कडकडाटात समुद्राकडे नेताना मुसलमानांबरोबर हिंदू मजूरही चालत. शहरप्रवेशाची मनाई झुगारून निघालेल्या या मिरवणुकांवर ३० ऑक्टोबर १८८४ रोजी गोळीबार झाला व अनेक मजूर प्राणांस मुकले. या शहराच्या वैभवाचा हिशेब मांडताना त्यांचे बलिदान प्रथम स्मरले पाहिजे.