बँक आणि फौजदारी कायदा : कर्त्याचा प्रश्न

बँकेच्या व्यवहारात मोठा अपहार उघडकीस आला म्हणजे फौजदारी खटला उभा राहतो. परंतु त्या खटल्यात खुद्द बँक आरोपी म्हणून क्वचितच दिसते. संचालक, शाखाधिकारी, हिशेबतपासनीस आणि कर्जदार हे आरोपी असतात. बँक बहुधा फिर्यादी असते. बँक जितकी मोठी, तितका हा प्रकार अधिक नियमाने घडतो. याचे कारण लोकव्यवहारात एका शब्दात सांगितले जाते, आणि तो शब्द म्हणजे ‘वजन’. या उत्तरात तथ्यांश नाही असे नाही. पण ते अपुरे आहे. वजन वापरले जाण्यापूर्वीच कायद्याच्या वाक्यरचनेत बँकेचे स्थान ठरून गेलेले असते. ते स्थान कर्त्याचे नाही. ते कसे ठरते आणि त्याचे परिणाम काय होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. कोणावर आरोप ठेवावयाचा याचा पहिला निर्णय आपल्याकडे सरकारी अभियोक्ता घेत नाही. गुन्ह्याचा तपास पोलिसांची आर्थिक गुन्हे शाखा, केंद्रीय अन्वेषण विभाग किंवा अंमलबजावणी संचालनालय करते. तेच आरोपपत्र अथवा फिर्याद न्यायालयात दाखल करतात. आणि अभियोक्ता ती पुढे चालवितो. म्हणून ‘सरकारी वकील बँकेवर खटला का भरत नाहीत’ हा प्रश्न वस्तुतः ‘तपासाच्या अखेरीस आरोपींच्या यादीत बँकेचे नाव का येत नाही’ असा वाचला पाहिजे.

छत्रपती संभाजीनगर येथे २०२३ साली घडलेली दोन प्रकरणे या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. जुलै महिन्यात आदर्श महिला नागरी सहकारी पतसंस्थेतील सुमारे २०० कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराबद्दल गुन्हा दाखल झाला. त्यानंतर ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने अजिंठा अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ९७ कोटींच्या अपहाराबद्दल बँकेच्या प्रशासकाच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदला गेला. पुढे एप्रिल २०२५ मध्ये या बँकेचा परवानाच रद्द झाला. रांगेत उभ्या राहिलेल्या ठेवीदाराच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच : पुस्तकात रक्कम आहे, हातात नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते सारखे नाहीत.

महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणासाठी १९९९ साली एक अधिनियम झाला. ठेव परत करण्यात कपटाने कसूर करणाऱ्या ‘वित्तीय आस्थापने’चे प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक आणि कर्मचारी यांना त्यात ६ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. एवढ्यावर न थांबता, ते आस्थापनही १ लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र राहील, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे येथे संस्था स्वतः गुन्ह्याचा कर्ता ठरू शकते. परंतु ‘वित्तीय आस्थापना’च्या व्याख्येतून १९४९ च्या बँकिंग विनियमन अधिनियमातील ‘बँकिंग कंपनी’ स्पष्टपणे वगळली आहे. या वर्जनाला कारण आहे. बँकांवर देखरेख करणारी रिझर्व्ह बँक असताना राज्याने दुसरा कायदा लादू नये, हा त्यामागचा हेतू. तथापि फलित असे, की या कायद्याच्या वाक्यात पतसंस्थेला कर्तृपद मिळते आणि मोठी व्यापारी बँक वाक्याबाहेर राहते.

मग सर्वसाधारण दंडविधान उरते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ४०९ व्या कलमात लोकसेवक, व्यापारी, दलाल, अभिकर्ता यांच्याबरोबर ‘बँकर’ हा शब्द नावानिशी आला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. फौजदारीपात्र न्यासभंगाची शिक्षा आजन्म कारावासापर्यंत जाते. वरवर पाहता बँकेला पकडण्यास याहून सोयीचे कलम नाही. परंतु या गुन्ह्याचा गाभा ‘सोपविणे’ या क्रियेत आहे : दुसऱ्याची मालमत्ता विश्वासाने आपल्याकडे सोपविलेली असली पाहिजे. आणि येथेच अडचण उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली शांतिप्रसाद जैन यांच्या प्रकरणात स्पष्ट केल्याप्रमाणे, बँक आणि खातेदार यांचे नाते विश्वस्त व लाभार्थी यांचे नसून ऋणको व धनको यांचे आहे. मराठीत ‘बँकेत पैसे ठेवले’ असे म्हटले जाते; कायदा मात्र त्याचा अर्थ ‘बँकेला पैसे उसने दिले’ असा लावतो. ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्याचीच राहते, उसना दिलेला पैसा घेणाऱ्याचा होतो. ‘ठेव’ या शब्दाने ठेवीदाराच्या मनात जी खात्री निर्माण केलेली असते, ती कायद्याच्या कोशात नाही.

या एका फरकातून पुढील सर्व रचना निघते. पैसा बँकेचा झाला, तेव्हा तो लुबाडणाऱ्या अधिकाऱ्याने बँकेचे नुकसान केले. म्हणून पीडित बँक, आणि फिर्यादीही बँक. ठेवीदार उरतो तो केवळ येणेकरी. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या बाबतीत २०१९ साली हेच झाले. एका बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जे झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती बँकेच्या स्वतःच्या दप्तरात निर्माण झालेली होती. ती वर्षानुवर्षे त्याच दप्तरात राहिली. तरीही ४,३५५ कोटी रुपयांच्या नुकसानीचा जो गुन्हा नोंदला गेला, त्यात बँक हीच नुकसान सोसणारी होती. मराठी वापरातही हेच प्रतिबिंब पडलेले दिसते. ‘बँकेत घोटाळा झाला’ किंवा ‘बँकेची फसवणूक झाली’ ही वाक्ये अंगवळणी पडली आहेत. पहिल्यात बँक अधिकरण आहे, म्हणजे घटनेचे स्थळ. दुसऱ्यात ती फसवणुकीचे कर्म आहे. ‘बँकेने घोटाळा केला’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला अनोळखी वाटते.

बँकिंग कायद्याचा स्वतंत्र मार्ग आहे. पण त्याच्या दाराची किल्ली एकाच हाती आहे. बँकिंग विनियमन अधिनियमाच्या ४६ व्या कलमात खोटी विवरणे देणे, माहिती दडविणे इत्यादी अपराध सांगितले आहेत. त्यांची दखल न्यायालयाने घ्यावयाची ती, ४७ व्या कलमानुसार, रिझर्व्ह बँकेच्या अथवा ‘नाबार्ड’च्या अधिकृत अधिकाऱ्याने लेखी फिर्याद दिली तरच. त्यापुढील ‘४७ अ’ या कलमाने रिझर्व्ह बँकेला स्वतःच दंड करण्याचा अधिकार दिला आहे, आणि असा दंड ज्या कसुरीबद्दल झाला असेल तिच्याबद्दल त्या बँकेवर न्यायालयात फिर्याद करता येणार नाही, असेही तेथेच सांगितले आहे. दंड आणि अभियोग यांपैकी एकच निवडावयाचा असल्यास नियामक दंड निवडतो, हे स्वाभाविक आहे : तो लवकर वसूल होतो, त्यासाठी गुन्हेगारी हेतू निःसंशय सिद्ध करावा लागत नाही, आणि ठेवीदारांत घबराट पसरत नाही.

पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात या दोन मार्गांतील अंतर स्पष्ट दिसते. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतून निघालेल्या बनावट हमीपत्रांचा प्रकार जानेवारी २०१८ मध्ये बँकेच्याच फिर्यादीने उघड झाला आणि त्याची व्याप्ती पुढे १३,००० कोटींच्या वर गेली. शाखेतील अधिकारी आणि हिरेव्यापारी आरोपी झाले. परंतु परदेशी बँकांना संदेश पाठविणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीशी जोडलेली नसल्यामुळेच हा प्रकार इतका काळ लपून राहू शकला, आणि ही उणीव कोणा एका कारकुनाची नव्हती. त्या यंत्रणेविषयीचे निर्देश न पाळल्याबद्दल रिझर्व्ह बँकेने मार्च २०१९ मध्ये बँकेला २ कोटी रुपये दंड केला. व्यक्तींचा दोष न्यायालयात गेला. संस्थेचा दोष आदेशाच्या एका कागदावर संपला.

कंपनीसारख्या अमूर्त व्यक्तीला गुन्हेगार ठरविता येते काय, ही तात्त्विक अडचण एके काळी खरी होती. जिला देह नाही तिला तुरुंगात कसे घालावे? जेथे कायदा ‘कारावास आणि दंड’ अशी दुहेरी शिक्षा सक्तीने सांगतो, तेथे कंपनीवर खटलाच चालू शकत नाही, असा युक्तिवाद केला जात असे. परकीय चलन नियमन अधिनियमाखालील स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या प्रकरणात हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. २००५ साली तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय झाला की, कंपनीला कारावास देता येत नसला तरी दंड देता येतो, आणि तेवढ्यासाठी तिच्यावर खटला चालू शकतो. अल्पमताच्या न्यायाधीशांचा आक्षेप शब्दनिष्ठ होता : विधिमंडळाने ‘आणि’ लिहिले असता न्यायालयाने तेथे ‘किंवा’ वाचू नये. एका उभयान्वयी अव्ययावर एवढा मोठा प्रश्न अवलंबून होता.

दुसरी अडचण अपराधी हेतूची. इरिडियम इंडिया कंपनीने मोटोरोलाविरुद्ध पुण्याच्या दंडाधिकाऱ्यांपुढे केलेली फसवणुकीची फिर्याद उच्च न्यायालयाने रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली ती पुन्हा जिवंत केली आणि कंपनी चालविणाऱ्यांचा हेतू हा कंपनीचाच हेतू मानता येतो, असे सांगितले. म्हणजे मोठ्या बँकेवर खटला भरण्यास तत्त्वतः प्रतिबंध उरलेला नाही.

प्रतिबंध उरला आहे तो पुराव्याचा. लहान संस्थेत अध्यक्ष हेच संस्थेचे मन असते. त्यांची सही, त्यांचा हुकूम आणि संस्थेची कृती यांत अंतर नसते. हजारो शाखांच्या बँकेत प्रस्ताव शाखेत तयार होतो, विभागीय कार्यालयात तपासला जातो, समितीत मंजूर होतो आणि हिशेबतपासणीतून पार पडतो. प्रत्येकाला थोडे ठाऊक असते, कोणालाही सर्व ठाऊक असल्याचे सिद्ध होत नाही. हेतू असा वाटला गेला म्हणजे तो न्यायालयात एका जागी जमविता येत नाही. आकार ही केवळ सत्ता नव्हे; तो पुरावा विरघळविणारा द्रवही आहे.

याशिवाय परिणामांची भीती आहे. बँकेवर आरोप ठेवताच ठेवीदारांची रीघ लागेल, आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवविम्याची मर्यादा ५ लाख रुपयांची असल्याने त्यावरील रक्कम धोक्यात येईल, ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेत आर्थर अँडरसन या हिशेबतपासणीच्या संस्थेला २००२ साली दोषी ठरविण्यात आले. २००५ मध्ये तो निर्णय रद्द झाला, पण तोवर ती संस्था व्यवहारतः संपली होती. त्यानंतर तेथील अभियोक्ते सावध झाले. २०१२ च्या डिसेंबरात एचएसबीसी बँकेशी सुमारे १९० कोटी डॉलर घेऊन अभियोग स्थगित ठेवण्याचा करार झाला, आणि काही संस्थांच्या आकारामुळेच त्यांच्यावर खटला भरणे कठीण जाते, असे तेथील महान्यायवादी एरिक होल्डर यांनी मार्च २०१३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सांगितले. परंतु टीडी बँकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अवैध पैशाच्या प्रकरणात गुन्हा कबूल केला, सुमारे ३०० कोटी डॉलर भरले, आणि तरीही ती चालूच राहिली. आरोप म्हणजे मृत्यूच, असे समीकरण मांडता येत नाही. भारतात आणखी एक गुंता आहे. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापासून अनेक मोठ्या बँकांचा मालक शासनच आहे. तेथे शासनाने खटला भरणे म्हणजे एका खिशातून दुसऱ्या खिशात दंड टाकणे होय.

हा शेवटचा मुद्दा खटल्याच्या विरोधकांना बळ देतो, आणि तो प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. संस्थेला झालेला दंड अखेर भागधारक, ठेवीदार किंवा करदाता यांच्याच खिशातून जातो. तुरुंगात जाणारी माणसे शोधणे हेच अधिक न्याय्य नव्हे काय? पण शिक्षा आणि दोषनिश्चिती या दोन भिन्न गोष्टी आहेत. खटल्यात शिक्षेपूर्वी एक काम होते : काय घडले, कोणाला केव्हा ठाऊक होते आणि ते का थांबविले गेले नाही, हे पुराव्यानिशी उघड न्यायालयात मांडले जाते. व्यक्तींवरील खटल्यात ही चौकशी त्या व्यक्तींच्या कृतीपुरती मर्यादित राहते, आणि नियामकाच्या दंडात ती बहुतांशी कार्यालयातच राहते. ज्या कार्यपद्धतीने अपहार शक्य केला, तिचा निवाडा कोठेच होत नाही. अधिकारी बदलतात, पद्धत राहते.

तेव्हा मोठ्या बँकांवर अभियोग न होण्याचे कारण केवळ अभियोक्त्यांच्या भित्रेपणात शोधणे पुरेसे नाही. ठेवीला कर्ज मानणारा सिद्धांत, दखलीचे एकच दार, दंड झाल्यावर बंद होणारा फिर्यादीचा मार्ग, विखुरलेला हेतू आणि कोसळण्याची भीती, या पाच गोष्टी मिळून बँकेला वाक्यात कधी अधिकरण करतात, कधी कर्म करतात. कर्ता होऊ देत नाहीत. यांपैकी पहिली आणि शेवटची सहजी बदलणार नाही. उरलेल्या तीन मात्र विधिमंडळाच्या आणि नियामकाच्या हातातील आहेत. किमान एवढे तरी व्हावयास हरकत नाही, की संस्थेला दंड करणाऱ्या प्रत्येक आदेशात घटनाक्रम आणि संस्थात्मक दोष सविस्तर नोंदवून तो ठेवीदारांपुढे ठेवला जावा. ज्याने विश्वासाने पैसे ‘ठेवले’, त्याला ते कोणाच्या हातून गेले हे पूर्ण वाक्यात, कर्त्यासह, वाचावयास मिळाले पाहिजे.