बैठकीच्या खोलीत गोळीचा आवाज! काय आहे नलिनी मालानींची व्हिडिओ कलाकृती?

जुन्नर/आंबेगाव : हातात पिस्तूल, मागे दणदणीत गाणं आणि खाली 'भाई'गिरीचे दोन शब्द. असं स्टेटस अंगठ्याने सरकवून आपण पुढे जातो. मंचर-नारायणगाव पट्ट्यातल्या वाचकाला 'गावठी कट्टा' हा शब्दही नवा नाही. स्क्रीनवरची बंदूक इतकी सवयीची झाली आहे की तिच्या आवाजाने कुणी दचकत नाही. मुंबईच्या चित्रकार नलिनी मालानी यांनी २००३ मध्ये नेमका हाच दचका घरात आणून ठेवला. कलाकृतीचं नाव 'युनिटी इन डायव्हर्सिटी', म्हणजे विविधतेत एकता.

खोलीत काय दिसतं?

लाल भिंतींची, जुन्या वळणाची बैठकीची खोली. भिंतीवर सोनेरी चौकट. चौकटीत फोटो नाही, व्हिडिओ चालतो. राजा रविवर्मा यांच्या प्रसिद्ध चित्रातल्या, वेगवेगळ्या प्रांतांतल्या ११ वादक स्त्रिया त्यात दिसतात. मैफल रंगते आणि मध्येच गोळ्यांचे आवाज येतात. बायकांचे चेहरे बदलतात. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलींनंतर केलेलं हे काम आहे.

रविवर्माच का?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडतं. रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. आजोळच्या भिंतीवर अशी एखादी तसबीर अनेकांनी पाहिली असेल. म्हणूनच रविवर्मांच्या चित्रात गोळी वाजली की ती आपल्या माजघरात वाजल्यासारखी वाटते.

हा सिनेमा नव्हे का?

नव्हे. सिनेमात आपण समोर बसतो, इन्स्टॉलेशनमध्ये आत शिरतो. भिंत, दिवे, आवाज, सगळं मिळून कलाकृती होते. ख्रिश्चन मार्कले या कलाकाराने २००७ मध्ये 'क्रॉसफायर'मध्ये हॉलिवूडपटांतले गोळीबाराचे तुकडे जोडून चार पडद्यांवर दाखवले आणि प्रेक्षकाला मधोमध उभं केलं. पडद्यावरचा हिरो आता तुमच्यावरच नेम धरतो! मोबाईलवर हा परिणाम मिळत नाही. तिथे आवाज बंद करायचं बटण आपल्या हातात असतं.

स्टेटसपुरतं पिस्तूल घेतलं तर?

तरी तो गुन्हाच. विनापरवाना पिस्तूल बाळगल्यास शस्त्र कायद्यात किमान दोन वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. २०१९ च्या दुरुस्तीने लग्न-वरातीतला गोळीबारही स्पष्टपणे कायद्याच्या कचाट्यात आणला. त्याने कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना खिशात असला तरी सुटका नाही.

जुन्नर वनविभागात मात्र 'बंदूक आणली का?' हा प्रश्न बऱ्याचदा भुलीच्या बंदुकीबद्दल असतो. उसात बिबट्या दिसला की गाव आधी तिचीच वाट पाहतं. हे दृश्य अजून कुणी कलादालनात नेल्याचं ऐकिवात नाही.

मालानींचा व्हिडिओ जेमतेम साडेसात मिनिटांचा. संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून लागतो. वाद्यं जुळतात, मैफल रंगते. या खेपेला मात्र बघणाऱ्याला ठाऊक असतं, गोळी कधी वाजणार ते.