शेजार की समविचार? अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन ख्रिस्तसभेची पुनर्रचना

मिरजेचे मिशन हॉस्पिटल दक्षिण महाराष्ट्राला सुपरिचित आहे. १८९४ साली डॉ. विल्यम वानलेस यांनी आरंभिलेली ही आरोग्यसेवा म्हणजे अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन मिशनकार्याचे फळ होय. त्याच परंपरेतील ‘प्रेस्बिटेरियन चर्च (यूएसए)’ या ख्रिस्तसभेने तीव्र मतभेदांच्या काळात आपल्या कारभाराची घडी नव्याने बसविण्याचा प्रयत्न केला. तो समजून घेणे आपणा कॅथलिकांनाही उद्बोधक ठरेल, असे आम्हास वाटते.

‘प्रेस्बितेर’ या ग्रीक शब्दाचा अर्थ वडील. या ख्रिस्तसभेत बिशप नाहीत. स्थानिक मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक यांचे ‘सेशन’, एका भूभागातील मंडळ्यांची ‘प्रेस्बिटेरी’, अनेक प्रेस्बिटेरींचा ‘सिनोड’ आणि सर्वांत वर ‘महासभा’ अशा तिच्या चार पायऱ्या आहेत. महासभेने घटनादुरुस्ती संमत केली, तरी बहुसंख्य प्रेस्बिटेरींच्या होकाराविना ती अमलात येत नाही. अधिकार व्यक्तीकडे नव्हे, सभेकडे असतो. मात्र निर्णय मतदानाने होत असल्याने प्रत्येक निकालानंतर जिंकलेला आणि हरलेला असे दोन्ही पक्ष एकाच घरात उरतात.

१९९७ पासून सेवापदावरील व्यक्तीने स्त्री-पुरुष विवाहात एकनिष्ठ किंवा अविवाहित असल्यास शुद्धाचरणी असावे, असा नियम होता. समलिंगी व्यक्तींच्या दीक्षेचा वाद त्याभोवतीच फिरत होता. २०१० साली मिनियापोलिसच्या महासभेने तो नियम बदलला आणि २०११ च्या मे महिन्यात आवश्यक त्या प्रेस्बिटेरींची संमती मिळाली. १० जुलै २०११ रोजी तो बदल अमलात आला. त्याच दिवशी कारभाराची नवी घटनाही लागू झाली. तीत बारीकसारीक नियम कमी करून पुष्कळ बाबी प्रेस्बिटेरींच्या विवेकावर सोपविल्या होत्या. ‘शासकीय मंडळां’ना आता ‘परिषदा’ म्हटले जाऊ लागले. परंतु विश्वास डळमळला असताना एकाला जे स्वातंत्र्य वाटते, तेच दुसऱ्याला सैलपणा वाटते.

खरा पेच २०१२ साली पिट्सबर्गच्या महासभेपुढे आला. नेमलेल्या आयोगाने सुचविले होते, की सिनोडची पायरी काढून टाकावी आणि भूभागाऐवजी समान ध्येयावर आधारित प्रेस्बिटेरी प्रयोगादाखल स्थापन करू द्याव्यात. समर्थकांच्या मते, यामुळे दुखावलेल्या मंडळ्या बाहेर न पडता राहू शकल्या असत्या. विरोधकांचा प्रश्न होता : ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्यापासून दूर राहण्याची सोय केली, तर एकतेला अर्थ काय? महासभेने दोन्ही सूचना स्वीकारल्या नाहीत.

त्याच वर्षीच्या जानेवारीत ऑर्लँडो येथे ‘इको’ नावाचा नवा प्रेस्बिटेरियन संघ आकारास आला होता. पुढे अनेक मंडळ्या त्यात गेल्या. मंडळीची वास्तू सर्व संप्रदायासाठी विश्वस्त म्हणून धरलेली असल्याने मालमत्तेच्या वाटाघाटी झाल्या, काही ठिकाणी प्रकरणे न्यायालयातही गेली. २०१५ साली विवाहाची व्याख्याही बदलली. १९८३ साली उत्तर व दक्षिणेच्या ख्रिस्तसभा एकत्र आल्या, तेव्हा सुमारे ३१ लाख सभासद होते. २०२३ अखेर ते ११ लाखांच्या आत आले. ही घट या वादाच्या आधीपासूनच सुरू होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

आपल्याकडेही एकाच भूभागात दोन धर्मप्रांत असू शकतात. १९८८ साली स्थापन झालेला कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत हे त्याचे उदाहरण. परंतु त्याचा पाया उपासनेची परंपरा हा आहे, मतैक्य नव्हे. धर्मग्रामात आपला शेजारी आपण निवडत नाही; तो आपणास दिलेला असतो.

२०२१ ते २०२४ या काळात कॅथलिक ख्रिस्तसभाही ‘सिनोड’ या शब्दाचा अर्थ नव्याने शिकली : सोबतीने चालणे. उत्तम घटना वाट आखून देते, पण सोबत चालण्याची इच्छा निर्माण करू शकत नाही. ती इच्छा मतदानापूर्वी, एकमेकांचे ऐकून घेताना रुजवावी लागते. आपल्या धर्मग्राम परिषदांनी हे ध्यानी घ्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.